पासवर्ड झाकणारा प्राध्यापक

एखाद्या संकेतस्थळावर ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर टिचकी मारली, की जुना पासवर्ड कळवला जात नाही. नवा घ्यायला लावतात. अनेकांना हा उगाचचा जाच वाटतो. वास्तविक, नीट बांधलेल्या सर्व्हरला आपला जुना पासवर्ड ठाऊकच नसतो. जे संकेतस्थळ तो जसाच्या तसा ई-मेलने धाडते, त्याच्याविषयीच शंका घ्यावी. सर्व्हरच्या या सोयीस्कर अज्ञानाचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉजर नीडहॅम.

नीडहॅम यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९३५ चा. डॉनकॅस्टरच्या शाळेतून ते १९५३ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात आले, गणित आणि तत्त्वज्ञान शिकले. १९५८ मध्ये त्यांनी कॅरन स्पार्क जोन्स यांच्याशी विवाह केला. पुढे शोधयंत्रांचा पाया ठरलेले संशोधन कॅरन यांच्या नावावर आहे. या दांपत्याने केंब्रिजजवळच्या एका खेड्यात आपले घर स्वतःच्या हातांनी बांधले. त्यानंतर १९६१ मध्ये नीडहॅम यांना डॉक्टरेट मिळाली आणि ते विद्यापीठाच्या ‘टायटन’ या संगणकाच्या कामात गुंतले.

त्या काळी संगणक एक आणि वापरणारे अनेक, अशी व्यवस्था नुकतीच रुजत होती. प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड दिला, तरी सर्वांची यादी संगणकातच असे. त्यातून काय घडू शकते, हे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने त्याच दशकात अनुभवले. दोन अधिकारी एकाच वेळी काम करीत होते. एक स्वागताचा मजकूर बदलत होता, दुसरा पासवर्डची यादी. दोन्ही तात्पुरत्या फायलींचे नाव एकच असल्याने अदलाबदल झाली आणि संगणकात शिरणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे पासवर्ड झळकले.

नीडहॅम यांनी टायटनसाठी निराळाच विचार केला. यादी कितीही जपली तरी ती फुटणार, मग फुटूनही कोणाच्या कामी येऊ नये अशीच का ठेवू नये? गव्हाचे पीठ करता येते, पिठाचा गहू करता येत नाही. त्याचप्रमाणे पासवर्ड एका एकेरी गणिती क्रियेतून काढायचा आणि फक्त ‘पीठ’ साठवायचे. वापरकर्ता आला, की त्याने दिलेला शब्द पुन्हा दळायचा आणि साठवलेल्याशी ताडून पाहायचा. मॉरिस विल्क्स यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात ही युक्ती नीडहॅम यांच्या नावे नोंदवली. पुढे तिच्यात भर पडत गेली. शब्दकोशातील सर्व शब्द आधीच दळून ठेवणाऱ्या चोरांवर उपाय म्हणून प्रत्येक पासवर्डात वेगळे ‘मीठ’ मिसळण्याची पद्धत आली. मूळ कल्पना मात्र आजही तीच आहे.

ओळख पटली म्हणजे सर्व दारे उघडली, असे नव्हे. कोणाला कशाला हात लावता येईल, हा प्रश्न वेगळाच. सत्तरच्या दशकात विल्क्स आणि नीडहॅम यांच्या गटाने ‘कॅप’ नावाचा संगणक उभारला. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरत्याच किल्ल्या मिळत. साऱ्या घराचा जुडगा कोणाच्याच हाती नसे.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम १९७८ चे. मायकेल श्रोडर यांच्यासह त्यांनी जाळ्यावरील दोन अनोळखी संगणकांनी एकमेकांची ओळख कशी पटवावी, याची संदेशपद्धती मांडली. तिच्याच आधारे एमआयटीत ‘कर्बेरॉस’ ही प्रणाली घडली. आज असंख्य कार्यालयांत सकाळी एकदा पासवर्ड दिला, की दिवसभर निरनिराळ्या सर्व्हरवर जो प्रवेश मिळतो, त्यामागे बहुधा हीच प्रणाली असते.

गंमत अशी, की अशा पद्धतींत नेहमीच्या वापरात न दिसणाऱ्या बारीक चुका राहू शकतात, असा इशारा त्या निबंधातच होता. तो लेखकांनाच लागू पडला! जुनी किल्ली चोरून पुन्हा वापरता येते, हे १९८१ मध्ये डेनिंग आणि साको यांनी दाखवले. नीडहॅम यांनी मग बरोज आणि अबादी यांच्यासह अशा पद्धती तर्काने तपासण्याचे शास्त्रच रचले. ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही १९७८ च्या निबंधातील दुसऱ्या पद्धतीत एक भगदाड उरलेच होते. ते गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये शोधले. व्यवहारात सामील असलेलाच कोणी लबाड निघाला, तर तो दुसऱ्याचे सोंग घेऊ शकत होता. उपाय इतकाच, की उत्तर देणाऱ्याने संदेशात आपले नाव घालावे. मोजक्या संदेशांतील ही उणीव जाणकारांच्या नजरेतून १७ वर्षे सुटली होती. मूळ पद्धतीत आतली माणसे प्रामाणिक धरली होती, हे नीडहॅम यांच्या बाजूने सांगायला हवे. जग बदलले, तसे ते गृहीतक लटके पडले.

१९८० ते १९९५ ते केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेचे प्रमुख होते. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने केंब्रिजमध्ये संशोधनकेंद्र काढले, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे आली. १९८५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. मजूर पक्षाचे कार्यकर्ते, शिडाच्या नौकांचे शौकीन, अशीही त्यांची ओळख होती. १ मार्च २००३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.