सेठ जमनालालजी बजाज : लक्ष्मीनारायणाच्या दारापासून गोपुरीच्या कुटीपर्यंत

वर्धा नगरीत श्रीलक्ष्मीनारायणाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांना या मंदिराची कथा सेठ जमनालालजी बजाज यांच्या चरित्रावाचून पुरती कळणार नाही. दि. ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळ काशी का बास या लहानशा खेड्यात त्यांचा जन्म झाला. पिता कनीरामजी, माता बिरदीबाई. घरची स्थिती बेताची होती. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी सेठ बच्छराजजी यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या नावे त्यांना दत्तक घेतले, तेव्हा जमनालालजी अवघे चार-पाच वर्षांचे होते. मुलाच्या बदल्यात जन्मदात्यांनी धन स्वीकारले नाही, गावासाठी एक विहीर तेवढी मागितली, असे सांगितले जाते.

शालेय शिक्षण अल्पच झाले. पेढीवरच ते वाढले. सतराव्या वर्षी एका लग्नसमारंभास जाताना दागिने घालण्यावरून बच्छराजजी संतापले व नको ते बोलून गेले. जमनालालजींनी संपत्तीवरील सर्व हक्क सोडल्याचे पत्र लिहिले आणि घर सोडले. पुढे समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले, मात्र ते पत्र त्यांनी मनातून कधीच मागे घेतले नाही. वारशाने आलेले धन आपले नव्हे, आपण केवळ त्याचे विश्वस्त आहोत, ही भावना त्यांच्या ठायी तेव्हापासून दृढ झाली. महात्मा गांधींची भेट होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सन १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्याच सुमारास आपणास पाचवा पुत्र मानावे, अशी विनंती त्यांनी गांधीजींना केली व ती मान्य झाली. त्यांनी रायबहादूर ही पदवी सरकारला परत केली, वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक लक्ष रुपये दिले, १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात कारावास भोगला. त्यांच्याच आग्रहामुळे १९२१ मध्ये आचार्य विनोबाजी वर्ध्यास आले.

खरी कसोटी मात्र घरच्या देवळात लागली. बजाज घराण्याच्या या मंदिरात त्या काळी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. सरकारशी झगडताना समाज पाठीशी होता. येथे आप्तस्वकीयच समोर उभे होते. लाखोंचे दान देणे एक वेळ सोपे, परंतु ज्ञातीचा रोष पत्करणे फार कठीण. जमनालालजींनी विश्वस्तांचे मन वळवले आणि जुलै १९२८ मध्ये श्रीलक्ष्मीनारायणाचे दार सर्वांना खुले झाले. सनातनी मंडळींनी मोठा विरोध केला, तरी उघडलेले दार पुन्हा मिटले नाही. पुढील वर्षी काँग्रेसने अस्पृश्यता निवारणासाठी समिती नेमली, तिचे ते चिटणीस झाले आणि अन्य ठिकाणची मंदिरे व विहिरी खुल्या व्हाव्यात म्हणून त्यांनी प्रवास केला.

वर्ध्यालगतच्या नालवाडी गावात १९३२ च्या अखेरीस विनोबाजी येऊन राहिले. तेथे ग्रामसेवा मंडळाचे खादीकार्य उभे राहिले, तसेच मृत जनावरांच्या कातड्यावर काम करणारे चर्मालयही. जमनालालजींनी आपली वर्ध्याची बाग ग्रामोद्योग संघाला दिली. ती मगनवाडी झाली. त्यांची मालगुजारी असलेल्या शेगाव येथे १९३६ मध्ये गांधीजी राहावयास गेले. तेच आजचे सेवाग्राम.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे मन अंतर्मुख झाले. सप्टेंबर १९४१ मध्ये गोसेवा संघ स्थापन झाला आणि लक्षाधीश जमनालालजी नालवाडीनजीक गोपुरी येथे साध्या कुटीत राहू लागले. गाईंची सेवा व चिंतन हाच त्यांचा दिनक्रम झाला. हे समाधान जेमतेम काही महिनेच लाभले. दि. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्धा येथे वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे आकस्मिक निधन झाले. पत्नी जानकीदेवींनी आपल्या वाट्याची संपत्ती गोसेवेस अर्पण केली व ते व्रत पुढे चालवले.

त्यांच्या स्मरणार्थ गोपुरी येथे उभारलेले गीताई मंदिर १९८० मध्ये विनोबाजींच्या हस्ते खुले झाले. लक्ष्मीनारायणाचे दर्शन घेतलेल्या यात्रेकरूंनी तेथेही अवश्य जावे. तेथे मूर्ती नाही, गाभारा नाही, वर छतही नाही. उघड्या आकाशाखाली उभ्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत.