खुराड्यातला प्राध्यापक : आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८)



येत्या २ नोव्हेंबरला सर्व परलोकवासी भाविकांचा स्मरणदिन. त्याआधी दरवर्षीप्रमाणे आपल्या दफनभूमीची साफसफाई होईल, कबरी धुतल्या जातील, गवत कापले जाईल. यंदा हे काम सुरू होण्यापूर्वी एका माणसाची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटले. ते धर्मगुरू नव्हते, संत तर नव्हतेच, कॅथॉलिकही नव्हते. अमेरिकेत ते आधी वनाधिकारी आणि नंतर प्राध्यापक होते. पण गवत, झाडे आणि दफनभूमी यांविषयी त्यांना जे उमगले ते आपल्या कामाचे आहे.

आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन गावी, मिसिसिपी नदीकाठच्या उंचवट्यावरील घरात झाला. घराणे जर्मन वंशाचे. वडिलांचा लिहिण्याची मेजे बनविण्याचा कारखाना होता आणि शिकारीचा मोठा नाद होता. मात्र वीण सुरू होण्याच्या दिवसांत बदकांवर गोळी झाडायची नाही, हा नियम कायद्याने सांगण्याआधीच त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता. मुलगा बंदूक शिकला तो या वडिलांकडून.

१९०९ साली येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन लिओपोल्ड सरकारी वनखात्यात लागले. पहिली नेमणूक ॲरिझोनातील अपाची वनविभागात. वय अवघे बावीस. त्याच वर्षी डोंगरावर सहकाऱ्यांसह जेवायला बसले असताना खाली नदी ओलांडून येणारी एक लांडगी आणि तिची पिल्ले त्यांना दिसली. त्या काळी लांडगा दिसला की मारायचा, यात कोणी विचार करीत नसे. लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त, असा सरळ हिशेब होता. सर्वांनी बंदुका रिकाम्या केल्या. लिओपोल्ड धावत जवळ गेले तेव्हा लांडगी मरत होती. तिच्या डोळ्यांतील हिरवी झाक विझताना त्यांनी पाहिली.

आता असे वाटेल की त्या क्षणी त्यांचे मन पालटले. तसे झाले नाही. पुढची अनेक वर्षे त्यांनी लांडगे आणि पहाडी सिंह नष्ट करण्याच्या मोहिमेला लेखणीने आणि अधिकाराने पाठबळ दिले. मग जिथे लांडगे संपले तिथे हरणे बेसुमार वाढली, डोंगरावरची कोवळी झाडे-झुडपे त्यांनी ओरबाडून खाल्ली आणि शेवटी तीच हरणे उपाशी मेली. हे सारे पाहत पाहत त्यांचे मत हळूहळू बदलले. बदलले तरी आपला स्वतःचा वाटा मात्र ते लिहीत नव्हते. होखबॉम नावाच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पत्रांतून पिच्छा पुरविला की सर, या नाशात तुमचाही हात होता, ते आधी कबूल करा. तेव्हा कुठे १९४४ साली, पस्तीस वर्षांनी, त्यांनी त्या लांडगीची गोष्ट लिहिली. प्रायश्चित्त संस्कारासाठी बसणाऱ्या आमच्यासारख्यांना ठाऊक आहे की दुसऱ्यांच्या पापांविषयी बोलणारे पुष्कळ असतात. आपले पाप उच्चारताना शिकल्या-सवरलेल्या माणसाची जीभ जास्त अडखळते. विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून ती सैल करणारा गुरू आम्हाला तरी मोठा वाटतो.

९ ऑक्टोबर १९१२ रोजी सान्ता फे येथील संत फ्रान्सिस कॅथेड्रलमध्ये त्यांचा विवाह एस्टेला बर्जेर यांच्याशी झाला. न्यू मेक्सिकोतील मेंढपाळ जमीनदारांच्या जुन्या स्पॅनिश घराण्याशी एस्टेलांचे नाते होते, आणि त्या निष्ठावंत कॅथॉलिक होत्या. लिओपोल्ड स्वतः कोणत्याच चर्चचे झाले नाहीत, पण पाचही मुले आईच्या श्रद्धेत वाढली. लग्नाला सहा-सात महिने होतात तोच कामावर असताना ते वादळात सापडले, दिवसेंदिवस भिजलेल्या अंथरुणावर झोपले आणि मूत्रपिंडाच्या विकाराने मरता मरता वाचले. दीडेक वर्ष घरी बसून काढावे लागले. पुढे बढत्या झाल्या, १९२४ साली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरी बदली झाली, आणि १९३३ साली तिथल्या विद्यापीठाने त्यांच्यासाठी वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापकपद निर्माण केले. अमेरिकेत तोवर असे पद कुठेच नव्हते.

इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते.

विद्यापीठाने गावाबाहेर काही जुनी शेते घेऊन तिथे वृक्षोद्यान उभारायचे ठरविले होते. लोकांच्या डोळ्यांसमोर शोभेची बाग होती : देशोदेशीची झाडे, त्यांना नावांच्या पाट्या, मधून फिरायला वाटा. १९३४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या समर्पण सोहळ्यात लिओपोल्ड यांनी वेगळेच मांडले. गोरे वसाहतकरी इथे आले तेव्हा ही भूमी कशी होती, तिचा एक तुकडा पुन्हा घडवू या, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे तिथे पूर्वी होती तीच गवते, तीच फुले, तीच झाडे.

बोलणे सोपे होते. विस्कॉन्सिनचा दक्षिण भाग एकेकाळी प्रेअरी, म्हणजे पुरुषभर उंच गवताचा फुलांनी भरलेला माळ होता. नांगराखाली तो जवळजवळ सगळा गेला होता. तो परत कसा लावायचा हे कोणालाच माहीत नव्हते, कारण आधी कोणी ते केलेलेच नव्हते. मंदीचे दिवस होते. सरकारच्या योजनेतून बेकार तरुण पोरे कामाला आली. महिना तीस डॉलर मजुरी, त्यांतले बहुतेक परस्पर घरी पाठविले जात. १९३६ पासून थिओडोर स्पेरी या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली या पोरांनी दूरवरच्या उरल्यासुरल्या माळांवरून गवताचे गड्डे मातीसकट खणून आणले, बिया गोळा केल्या आणि घोड्यांच्या जुन्या चराऊ शेतात लावल्या.

अडचण आली ती केंटकी ब्लूग्रास या गवताची. नाव अमेरिकन असले तरी हे गवत युरोपातून आलेले. हिरवळीसाठी, लॉनसाठी लोक ते मुद्दाम लावतात. इथे त्याने देशी रोपांचा श्वास कोंडला. उपटून ते संपेना. शेवटी उपाय सापडला तो आगीचा. मूळचे आदिवासी लोक माळ पेटवीत असत, विजेनेही तो पेटे. देशी गवतांची मुळे खोल असल्यामुळे ती जळूनही पुन्हा फुटत, उथळ मुळांचे परके गवत मात्र मार खाई. जॉन कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने उद्यानातील प्रयोगांनी हे दाखवून दिले. आज तो माळ कर्टिस प्रेअरी या नावाने उभा आहे. विस्तार सत्तर एकरांच्या आसपास. मुद्दाम पुन्हा घडविलेला जगातील सर्वांत जुना माळ म्हणून अभ्यासक त्याच्याकडे पाहतात.

१९३५ हे वर्ष लिओपोल्ड यांच्या आयुष्यात दोन गोष्टींचे. वर्षाच्या उत्तरार्धात ते तीन महिने जर्मनीला, पूर्वजांच्या देशात, जंगले पाहायला गेले. तिथे त्यांना स्प्रूस झाडांच्या सरळ रांगा दिसल्या, झाडलोट केल्यासारखी स्वच्छ जमीन दिसली आणि खायला घालून पोसलेली हरणे दिसली. खालचे झाड-झुडूप नाहीसे, माती आंबट झालेली. नीटनेटके जंगल आजारी असू शकते, हे त्यांना तिथे कळले.

दुसरी गोष्ट त्याआधीची. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी बॅराबू गावाजवळ एक टाकून दिलेली शेती घेतली होती. ऐंशी एकर वाळू. पिकांनी कस शोषून घेतलेला, मूळचे घर जळून गेलेले. उभे होते फक्त कोंबड्यांचे खुराडे, आत गुडघाभर शेणखत. प्राध्यापक, त्यांची पत्नी आणि पाच मुले यांनी ते खत उपसले, छप्पर दुरुस्त केले, चूल बांधली. दर शनिवार-रविवार हे कुटुंब मॅडिसनहून त्या खुराड्यात राहायला येऊ लागले. दर वसंतात ईस्टरच्या सुट्टीत झाडे लावायची, हा घरचा नेम झाला.

पहिल्या वसंतात, १९३६ साली, त्यांनी पाईनची रोपे लावली. त्या उन्हाळ्यात भयंकर दुष्काळ पडला आणि जवळजवळ सगळी रोपे मेली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा लावली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. लिओपोल्ड हयात होते तोवर चाळीस हजारांहून अधिक झाडे त्या वाळूत लागली, शिवाय माळाची गवते आणि फुले. पहाटे अंधारात उठून, कॉफीचे भांडे आणि वही घेऊन, कोणता पक्षी किती वाजता गायला, कोणते फूल कोणत्या तारखेला उमलले, याची नोंद ते करीत. पाच मुलांच्या आईने हे सारे शनिवार-रविवार कसे निभावले असतील, याविषयी चरित्रकारांनी आणखी लिहायला हवे होते असे आम्हाला वाटते.

शेतीवर जाता-येता वाटेत एक खेडवळ दफनभूमी लागे. १८४० च्या दशकातली, पहिल्या वसाहतकऱ्यांची. तिच्या एका टोकदार कोपऱ्यात विळा किंवा गवत कापण्याचे यंत्र पोचत नसे. तेवढ्या हातभर जागेत मूळ प्रेअरी जिवंत राहिली होती. दर जुलैत तिथे कंपास प्लँट नावाचे, सूर्यफुलासारख्या पिवळ्या फुलांचे उंच झाड फुले. त्याची पाने उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात म्हणून हे नाव. आजूबाजूच्या मैलोन्‌मैल शेतांत ते कुठेच उरले नव्हते. एका वर्षी ते फुलल्याचे लिओपोल्ड यांनी पाहिले आणि थोड्याच दिवसांनी परत जाताना पाहतात तो रस्त्याच्या कामगारांनी कुंपण काढून कोपरा साफ केलेला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. लिओपोल्ड यांनी मग हे झाड आपल्या शेतावर आणायचा प्रयत्न केला. अर्धा तास घाम गाळून खणले तरी मूळ खाली खालीच चाललेले; बी मात्र रुजले, पण पाच वर्षांनीही त्याला फूल आले नव्हते.

आता आमची कबुली. गेल्या वर्षी स्मरणदिनाच्या घाईत आपल्या दफनभूमीच्या मागच्या भिंतीलगत तणनाशक फवारायला आम्हीच सांगितले होते. तिथला कुर्डू, तेरडा, टाकळा सगळे जळाले. यंदा पावसात तिथे जोमाने वर आले ते गाजरगवत, आणि हे गाजरगवत अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आलेले आहे. म्हणून यंदा युवकांना विनंती : फवारणी नाही. गाजरगवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे, कबरींमधल्या वाटा मोकळ्या कराव्यात आणि मागच्या भिंतीचा पट्टा तसाच सोडावा. फुले आणि रंगीत खडीचा प्रस्ताव आला आहे, तो पुढच्या पावसाळ्यानंतर पाहू.

सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकलो ते माणसा-माणसांतले. माती, पाणी, वनस्पती, प्राणी हेही आपल्याच समाजाचे घटक आहेत आणि माणूस त्यांचा मालक नसून त्यांच्यातला एक साधा सभासद आहे, ही लिओपोल्ड यांची मांडणी आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हती. ते आणखी एक बोचरे विधान करतात : जमीन ही आपली मालमत्ता, ही समजूत आपल्याला अब्राहामाकडून मिळाली, असा त्यांचा रोख आहे. हे वाचून आम्ही प्रथम दुखावलो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात बागेची मशागत आणि राखण करण्याची आज्ञा आहे, ती त्यांनी नीट वाचली नाही असे आजही आमचे मत आहे. पण २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रकात ख्रिस्ती लोकांनी कधी कधी शास्त्राचा चुकीचा अर्थ लावला हे मान्य केले. तेव्हा टीकाकाराला पूर्ण खोटे ठरविता येत नाही.

१४ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्या निबंधांचे पुस्तक छापण्यास प्रकाशक तयार असल्याचा निरोप आला. आठवड्याने, २१ एप्रिलला, पत्नी आणि धाकट्या मुलीसह ते खुराड्यावर असताना शेजारच्या शेतावर धूर दिसला. आग आपल्या पाईनच्या दिशेने सरकत होती. पाण्याचा पंप पाठीला घेऊन ते गेले. आग विझविताना हृदयविकाराचा झटका आला. गवतावर उताणे, छातीवर हात जुळवून ते पडलेले सापडले. आग त्यांच्या अंगावरून हलकीच जाऊन पुढे सरकली होती. वय ६१. दफन बर्लिंग्टनला झाले.

पुस्तक १९४९ साली निघाले, अ सँड कौंटी अल्मनॅक. मुलगा लूना याने ते मार्गी लावले. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या. पाचही मुले निसर्गशास्त्राकडे वळली आणि त्यांतील तिघे, स्टार्कर, लूना आणि एस्टेला, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आले. थोरली मुलगी नीना १९७६ साली त्या शेतावर परत राहायला आली, माळ वाढवीत राहिली आणि वडिलांच्या वह्या पुढे चालविल्या. १९९९ साली तिने आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या नोंदी ताडून दाखविले की तिथली कितीतरी फुले आणि पक्षी आता वडिलांच्या काळापेक्षा लवकर येतात. २००७ साली शेताजवळ लिओपोल्ड केंद्राची इमारत उभी राहिली. तिच्यासाठी वापरलेले लाकूड त्या कुटुंबाने ईस्टरच्या सुट्ट्यांत लावलेल्या पाईनचे होते.