डॉ. विल्यम कॅरी आणि श्रीरामपूरची दफनभूमी

डॉ. विल्यम कॅरी म्हटले की आपणां मराठी ख्रिस्तजनांना १८०५ चे मराठी व्याकरण, १८१० चा कोश आणि १८११ चा मराठी नवा करार आठवतो. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने झालेल्या त्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या परक्या भूमीत आपल्या माणसांना मूठमाती देण्यासाठी त्यांना काय सोसावे लागले, हे क्वचितच सांगितले जाते.

१७९४ साली कॅरी उत्तर बंगालमधील मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचा पाच वर्षांचा पुत्र पीटर आमांशाने मरण पावला. पिता स्वतः तापाने क्षीण झालेला. पदरी सुतार असूनही शवपेटी करण्यास कोणी तयार होईना, कारण प्रेतस्पर्शाने जात जाण्याचे भय. महत्प्रयासाने चार मुसलमान कबर खणण्यास राजी झाले. खांदेकऱ्यांसाठी सात-आठ मैलांपर्यंत शोध केला, तोही व्यर्थ! अखेर आईबापांनीच मुलाला वाहून न्यावे असे ठरले; तेव्हा कोठे जातीबाहेर पडलेला एक मुलगा व घरचा झाडूवाला पुढे झाले. कबर खणणाऱ्या त्या चौघांना गावच्या प्रमुखाने वाळीत टाकले. कॅरींनी त्याला बोलावून घेतले आणि त्या चौघांबरोबर तो खाईपिईपर्यंत त्याच्यावर पहारा बसवला. सक्तीच ती, तिचे समर्थन करणे कठीण. परंतु नुकताच पुत्र पुरून आलेल्या पित्याचा तो संताप होता, हेही विसरता येत नाही. माता डॉरोथी यांचे मन या आघातानंतर पुरते ढासळले व १८०७ साली मृत्यूनेच त्यांची सुटका केली.

१८०० च्या जानेवारीत कॅरी श्रीरामपुरी आले. (हे आपल्या नगरकडील नव्हे, हुगळीकाठचे, तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखालील.) तेथे मिशनने दफनासाठी जमीन घेतली. १८०३ साली गोकुळ हे प्रारंभीचे बंगाली विश्वासी प्रभूत झोपी गेले. त्यांच्या शवपेटीला भाडोत्री माणसे लावली नाहीत. मार्शमन, बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण भैरव, पूर्वाश्रमीचे मुसलमान पीरू आणि फेलिक्स कॅरी यांनी ती खांद्यावर घेतली, आणि रस्त्यावरचे लोक थक्क होऊन पाहत राहिले. फेलिक्स म्हणजे पीटरचा थोरला भाऊ.

कॅरींची दुसरी पत्नी शार्लट १८२१ साली निवर्तली. पुढे त्यांनी तिसरा विवाह केला, तरी स्वतःच्या कबरेसाठी जागा निवडली ती शार्लटशेजारची. दफन अगदी साधे व्हावे आणि तिच्याच स्मृतिशिलेवर जागा आहे तेथे आपले नाव, जन्ममृत्यूच्या तारखा व आयझॅक वॉट्स यांच्या गीतातील थोड्या ओळी कोराव्यात, याहून अधिक काही नको, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले.

९ जून १८३४ रोजी ते प्रभूकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना नेताना रस्त्याच्या कडेला हिंदू-मुसलमान गोरगरीब उभे होते. शार्लटच्या शेजारी त्यांना मातीआड करण्यात आले.