विश्लेषण : वाचायला सोपे की अवघड, हे आकड्यात सांगणारे रुडॉल्फ फ्लेश कोण होते?

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये इंग्रजी मजकुराची तपासणी संपली की, सेटिंग सुरू असल्यास, आकडेवारीची एक छोटी चौकट उघडते. तिच्यात ‘फ्लेश रीडिंग ईझ’ आणि ‘फ्लेश-किंकेड ग्रेड लेव्हल’ असे दोन आकडे असतात. मजकूर वाचायला किती सोपा आहे, हे ते आकडे सांगतात. यातील फ्लेश म्हणजे रुडॉल्फ फ्लेश. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती. तरीही इंग्रजी लिखाण मोजण्याची सर्वाधिक वापरली जाणारी पट्टी त्यांच्या नावावर आहे. हीच पट्टी इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना लावली, की ती का चुकते?

व्हिएन्नाचा वकील न्यूयॉर्कला कसा पोहोचला?

फ्लेश यांचा जन्म ८ मे १९११ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे झाला. तिथेच त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वकिली सुरू केली. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यू असलेल्या फ्लेश यांना त्याच वर्षी देश सोडावा लागला. अमेरिकेत व्हिएन्नाच्या पदवीचा उपयोग नव्हता. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुरुवातीला पुस्तके तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या माल पाठवण्याच्या विभागात काम केले. पुढे निर्वासितांसाठीच्या शिष्यवृत्तीवर त्यांना कोलंबिया विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकण्याची संधी मिळाली.

ती पदवी घेतल्यावर ते लायमन ब्रायसन यांच्या वाचनसुलभता प्रयोगशाळेत सहायक झाले. कमी शिकलेल्या प्रौढांना गंभीर विषयांवरची पुस्तके समजतील अशा भाषेत कशी द्यायची, हा तिथला प्रश्न होता. याच प्रश्नावर फ्लेश यांनी १९४३ मध्ये पीएचडीचा प्रबंध पूर्ण केला. अमेरिकेत येऊन तेव्हा त्यांना जेमतेम पाच वर्षे झाली होती.

त्याआधी मजकूर कसा मोजत?

मोजमापाची सुरुवात शब्दांपासून झाली. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये इंग्रजीत वारंवार येणाऱ्या १०,००० शब्दांची यादी छापली. वारंवार येणारा शब्द सोपा, दुर्मीळ शब्द अवघड, असा हिशेब होता. १९३५ मध्ये विल्यम ग्रे आणि बर्निस लिअरी यांनी प्रौढांच्या वाचनावर मोठा अभ्यास करून मजकूर अवघड करणाऱ्या अनेक गोष्टी नोंदवल्या. पण संपादकाला किंवा शिक्षकाला टेबलावर बसून पाच मिनिटांत करता येईल, असा हिशेब हवा होता.

फ्लेश यांचे सूत्र काय आहे?

फ्लेश यांनी १९४८ मध्ये सुधारित सूत्र प्रसिद्ध केले. त्यात दोनच गोष्टी मोजायच्या असतात : एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती सिलॅबल. सिलॅबल म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. ‘कॅट’मध्ये एक, ‘टेबल’मध्ये दोन, ‘युनिव्हर्सिटी’मध्ये पाच.

सूत्र असे : २०६.८३५ − (१.०१५ × वाक्यातील सरासरी शब्द) − (८४.६ × शब्दातील सरासरी सिलॅबल).

समजा, वाक्यात सरासरी १७ शब्द आणि शब्दात सरासरी १.५ सिलॅबल आहेत. गुण येतात ६२.७. फ्लेश यांच्या तक्त्यात ६० ते ७० म्हणजे सर्वसाधारण मजकूर, ९० च्या पुढे अतिशय सोपा आणि ३० च्या खाली अतिशय अवघड. शब्द तेच ठेवून फक्त वाक्ये दुप्पट लांब केली, म्हणजे ३४ शब्दांची, तर गुण ४५.४ वर घसरतात.

हे स्थिरांक आले कुठून? अमेरिकी शाळांत वापरल्या जाणाऱ्या मॅकॉल-क्रॅब्स वाचनपाठांतून. पाठाखालच्या प्रश्नांपैकी ७५ टक्के प्रश्नांची बरोबर उत्तरे देणारी मुले सरासरी कोणत्या इयत्तेची आहेत, यावरून पाठाची काठिण्यपातळी ठरवली गेली आणि सूत्र तिच्याशी जुळवले गेले. म्हणजे या पट्टीवरच्या खुणा अमेरिकी शाळकरी मुलांच्या वाचनावरून आखलेल्या आहेत. पुढचे बरेच प्रश्न इथूनच सुरू होतात.

सूत्राचा वापर कुठे झाला?

सर्वप्रथम वृत्तपत्रसृष्टीत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बातम्यांची भाषा सोपी करण्यासाठी फ्लेश यांचा सल्ला घेतला. सोप्या लेखनावरची त्यांची ‘द आर्ट ऑफ प्लेन टॉक’ (१९४६) आणि ‘द आर्ट ऑफ रीडेबल रायटिंग’ (१९४९) ही पुस्तके गाजली. १९७५ मध्ये पीटर किंकेड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी सूत्राची फेरमांडणी केली. उत्तर गुणांऐवजी इयत्तेत येऊ लागले. आठ आले, तर मजकूर आठवीच्या विद्यार्थ्याला झेपणारा. फ्लोरिडा राज्याच्या कायद्यानुसार विमा पॉलिसीच्या मजकुराला फ्लेश यांच्या पट्टीवर किमान ४५ गुण लागतात.

वकिली सोडावी लागलेल्या फ्लेश यांनी उतारवयात पुन्हा कायद्याच्या भाषेकडे मोर्चा वळवला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला त्यांनी नियम सोप्या इंग्रजीत लिहिण्यासाठी सल्ला दिला आणि १९७९ मध्ये वकील व ग्राहकांसाठी सोप्या इंग्रजीवर पुस्तक लिहिले.

‘जॉनी’चा वाद काय होता?

फ्लेश यांना घरोघरी ओळख मिळाली ती १९५५ च्या ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ या पुस्तकामुळे. तेव्हा अमेरिकी शाळांत मुलांना अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला शिकवत. फ्लेश यांचे म्हणणे होते की, आधी अक्षरांचे उच्चार शिकवा, शब्द मूल स्वतः वाचेल. ऑस्ट्रियात मुले अशीच वाचायला शिकतात आणि तिथे अमेरिकेसारखी अडचण येत नाही, हा त्यांचा दाखला होता. पुस्तक खूप खपले. पालकांनी ते उचलून धरले, तर अनेक शिक्षणतज्ज्ञांनी एकांगी ठरवले. १९८१ मध्ये त्यांनी याच विषयावर दुसरे पुस्तक लिहून तोच मुद्दा पुन्हा मांडला.

इंग्रजी दुसरी भाषा असेल तर पट्टी का चुकते?

सूत्र फक्त लांबी पाहते, अर्थ पाहत नाही. ‘द कॅट सॅट ऑन द मॅट’ या वाक्याला सुमारे ११६ गुण मिळतात. त्यातील शब्द उलटसुलट केले, वाक्य निरर्थक झाले, तरी गुण ११६ च.

दुसरी अडचण वाचकाची. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. तीन शब्द, तीन सिलॅबल, सूत्राच्या दृष्टीने अगदी सोपे. पण इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याला तिन्ही शब्द माहीत असूनही अर्थ लागत नाही. उलट ‘युनिव्हर्सिटी’ किंवा ‘इलेक्ट्रिसिटी’ हे पाच सिलॅबलचे शब्द सूत्राला जड वाटतात, पण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या ते कानावरून गेलेले असतात. स्पॅनिश भाषकांचेही तसेच. लॅटिनमधून आलेले अनेक लांब इंग्रजी शब्द त्यांच्या भाषेतही आहेत.

स्कॉट क्रॉसली, जेरी ग्रीनफिल्ड आणि डॅनिएल मॅकनमारा यांनी २००८ मध्ये जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वाचनाच्या माहितीवर हे तपासले. शब्द किती वारंवार वापरात आहेत, लागोपाठच्या वाक्यांची रचना किती सारखी आहे आणि त्यांत तेच शब्द पुन्हा येतात का, या तीन गोष्टींवरून जुन्या सूत्रांपेक्षा अचूक अंदाज आला.

विद्यार्थ्याचे लेखन याने तपासता येईल का?

इथे जोखीम वाढते. कारण आकडा मजकुरावरून लिहिणाऱ्यावर जातो. शब्दात सरासरी १.५ सिलॅबल आणि वाक्यात १७ शब्द असतील, तर फ्लेश-किंकेड सूत्रानुसार पातळी येते ८.७, म्हणजे आठवी-नववी. त्याच निबंधात विद्यार्थी दर दुसरा पूर्णविराम द्यायला विसरला, तर वाक्य ३४ शब्दांचे होते आणि पातळी १५.४ वर, म्हणजे थेट महाविद्यालयाच्या वर्गात जाते. व्याकरणाची चूक इथे प्रगती म्हणून नोंदली जाते. याउलट, शिकणारा नेमकी, छोटी, बिनचूक वाक्ये लिहू लागला, की त्याची पातळी खाली दिसते.

म्हणूनच दुसऱ्या भाषेतील लेखनाचे संशोधक एका आकड्यावर थांबत नाहीत. शब्दांचे वैविध्य, उपवाक्यांची जोडणी, चुकांचे प्रमाण आणि मुद्द्यांची सुसंगती वेगवेगळी पाहिली जाते. २००९ पासून टोफेल परीक्षेच्या निबंधाला संगणकाने गुण द्यायला सुरुवात झाली, तेव्हाही सोबत मानवी परीक्षक ठेवण्यात आला.

मराठीला हे सूत्र चालते का?

नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. इंग्रजीत चार-पाच शब्द लागतील, तिथे ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द पुरतो. त्यामुळे वाक्ये आखूड आणि शब्द लांब मोजले जातात. ८४.६ ने गुणल्यावर पहिलीच्या पुस्तकातला धडाही अवघड ठरेल. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये बंगाली आणि हिंदीसाठी स्वतंत्र मोजमापे मांडली, त्यात जोडाक्षरांचाही विचार केला. भाषा बदलली की स्थिरांकच नव्हे, तर मोजायच्या गोष्टीही बदलाव्या लागतात.

खुद्द फ्लेश यांची भूमिका काय होती?

५ ऑक्टोबर १९८६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील डॉब्स फेरी येथे फ्लेश यांचे निधन झाले. आपले सूत्र फार गांभीर्याने घेऊ नये, त्यातून ढोबळ अंदाजापलीकडे काही अपेक्षू नये, असे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यांना ते लेखकाच्या हाती हवे होते : आधी लिहावे, मग मोजावे आणि गुण कमी आले तर वाक्य कुठे तोडता येते ते पाहावे. विम्याचा कागद किंवा सरकारी सूचना लिहिणाऱ्याने आजही ते तसे जरूर वापरावे. पण इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या निबंधाखाली हाच आकडा शेरा म्हणून येत असेल, तर आधी निबंधातले पूर्णविराम तपासावेत.