नागपूरचे सीके इंदूरचे का झाले?

गोंदियात राहून विदर्भाच्या टीमवर भांडायचं नाही, तर मग भांडायचं तरी कशावर? रणजीचा सीझन जवळ आला की आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये अफवांचं पीक येतं. अमका विदर्भ सोडून चाललाय म्हणे, तमका बाहेरून येतोय म्हणे, त्याला एनओसी मिळाली का, नसेल तर ओपनिंगला कोण, आणि एवढं सगळं होऊन आपण नॉकआउट गाठणार का! सबमिशनची तारीख कुणाला आठवत नाही, पण पॉइंट्स टेबल सगळ्यांना पाठ असतं.

2025 च्या मार्चमध्ये विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. फायनलमध्ये करुण नायरने 86 आणि 135 केले. झालं! अर्धी मेस म्हणाली की हा कर्नाटकचा माणूस, याच्या जिवावर जिंकण्यात कसला आलाय पराक्रम? उरलेली अर्धी म्हणाली की त्याच सीझनमध्ये 960 रन करणारा यश राठोड आणि 69 विकेट्स घेऊन रेकॉर्ड करणारा हर्ष दुबे कुठले आहेत, ते आधी सांगा. पुढच्या सीझनला करुण परत कर्नाटकात गेला, तेव्हा पुन्हा तोच वाद. आणि या वादात एक मुद्दा हमखास निघतो, की जो आपली टीम सोडून दुसऱ्याकडे जातो तो आपला कसला?

हा मुद्दा निघाला की मला एकच माणूस आठवतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकत असताना आमच्या जी.के.च्या पुस्तकात त्यांच्यावर फक्त एक ओळ होती, भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन म्हणून. ते मूळ नागपूरचे, हे त्या पुस्तकाने सांगितलंच नाही. आणि ते नागपूर सोडून गेले, हे तर मला इंजिनिअरिंगला आल्यावर लायब्ररीत कळलं. ते म्हणजे कर्नल सी. के. नायडू.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 चा, नागपुरातला. घराणं तेलुगू, पण नागपुरात स्थायिक झालेलं. म्हणजे वादच घालायचा तर सीकेंनाही कुणी बाहेरचे म्हणू शकलं असतं! पण क्रिकेट ते नागपूरच्या मातीतच शिकले. उंच, सडपातळ, ताठ चालीचा मुलगा. बॅट हातात आली की चेंडू मैदानाच्या बाहेर पाठवायचा, हाच त्याचा स्वभाव.

त्या काळचं क्रिकेट आजच्यापेक्षा फारच वेगळं होतं. रणजी करंडक सुरू झाला 1934 मध्ये. त्याआधी सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे मुंबईची चौरंगी, आणि तिच्यात टीम असायच्या धर्मावरून: हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन. म्हणजे विदर्भाच्या पोराला विदर्भाच्या नावाने मोठं क्रिकेट खेळायची सोयच नव्हती. 1916 मध्ये एकविशीतले सीके हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरले. टीमची अवस्था 7 बाद 79. नवव्या नंबरच्या या पोराने पहिले तीन चेंडू नुसते अडवले आणि चौथा थेट सिक्सर मारला, असं सांगतात. फर्स्ट क्लासमधली पहिली रनच सिक्सरने!

आता येऊ मूळ मुद्द्यावर. 1923 मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी सीकेंना बोलावून घेतलं आणि होळकर संस्थानच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर ही एक ट्रान्सफरच होती. फक्त ना लिलाव, ना एनओसी, ना डेडलाइन. महाराजांचा निरोप आला आणि नागपूरचा सगळ्यात मोठा बॅट्समन इंदूरला गेला.

का गेले असतील? याचं उत्तर त्या काळच्या व्यवस्थेत आहे. तेव्हा क्रिकेट खेळून पोट भरत नसे. मॅच फी, काँट्रॅक्ट हे शब्दच नव्हते. ज्याच्या घरी पैसा नाही, त्याने एक तर नोकरी करावी आणि रविवारी खेळावं, नाहीतर एखाद्या राजाचा आश्रय घ्यावा. पटियाला, होळकर, पुढे बडोदा अशी संस्थानं खेळाडूला दरबारात किंवा फौजेत जागा द्यायची, पगार द्यायची आणि वर्षभर खेळू द्यायची. नागपुरात असा राजा नव्हता आणि तशी नोकरीही नव्हती. नागपूरने त्यांना खेळ शिकवला, पण त्या खेळावर जगण्याची सोय इंदूरकडे होती. मला वाटतं, सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

इंदूरला गेल्यावर तीनच वर्षांनी तो प्रसिद्ध दिवस उजाडला. 1926 च्या शेवटी आर्थर गिलिगनची एमसीसी टीम भारतात आली होती. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाविरुद्ध तिने 363 रन ठोकल्या. गाय अर्ल नावाच्या बॅट्समनने एकट्याने 130 केल्या. 1 डिसेंबरला सीके बॅटिंगला आले आणि दोन तासांच्या आत 153 रन! त्यात 11 सिक्सर आणि 13 फोर. बातमी शहरभर पसरली, लोक ऑफिसं सोडून धावत आले, आजूबाजूची झाडं आणि गच्च्या भरून गेल्या, असं वर्णन वाचायला मिळतं. ना मोबाईल, ना रेडिओ कॉमेंट्री, तरी स्कोअर गल्लोगल्ली पोहोचला! हा खेळ आपल्यालाही येतो, साहेबाच्या बरोबरीने येतो, हा विश्वास त्या दिवशी लोकांना आला. त्याच दौऱ्यानंतर हालचाली होऊन डिसेंबर 1928 मध्ये क्रिकेट बोर्ड उभं राहिलं.

मग 1932. भारताची पहिली टेस्ट, लॉर्ड्सवर. अफवांच्या बाबतीत त्या वेळचे लोक आपल्याला नक्कीच हरवतील! कारण प्रश्न होता कॅप्टन कोण. खेळ कोणाला येतो हा मुद्दाच नव्हता, मुद्दा होता कोणता राजा. आधी पटियालाच्या महाराजांचं नाव होतं, ते मागे सरले. मग पोरबंदरचे महाराज कॅप्टन आणि लिमडीचे राजपुत्र व्हाइस कॅप्टन ठरले. पोरबंदरच्या महाराजांना मात्र आपला खेळ किती आहे याची पक्की कल्पना होती. ते मोठ्या मनाने बाजूला झाले. लिमडी जखमी होते. राहिले सीके. सामान्य घरातल्या माणसाच्या हाताखाली खेळायला काही जण तयार नव्हते, आदल्या रात्री तारा गेल्या, वरून दटावणी आली, तेव्हा कुठे टीम मैदानात उतरली, असंही सांगितलं जातं.

25 जून 1932 ला टॉससाठी गेले ते 36 वर्षांचे नागपूरकर. मोहम्मद निसार आणि अमरसिंग यांनी सुरुवातीलाच इंग्लंडची अवस्था 3 बाद 19 केली. फील्डिंग करताना सीकेंच्या हाताला दुखापत झाली, तरी भारताच्या पहिल्या डावातल्या 189 पैकी सर्वाधिक 40 रन त्यांच्याच. मॅच आपण 158 रन्सनी हरलो. पण त्या दौऱ्यात सीकेंनी फर्स्ट क्लास सामन्यांत 1618 रन केल्या, 65 विकेट्स घेतल्या आणि विस्डेनने 1933 च्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांचं नाव घातलं. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर त्यांनी मारलेला एक सिक्सर नदी ओलांडून एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत पडला, अशीही आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ऐकायला मजा येते.

1933-34 मध्ये जार्डिनची टीम भारतात आली तेव्हाही कॅप्टन सीकेच. मुंबईच्या टेस्टमध्ये लाला अमरनाथ यांनी भारताचं पहिलं टेस्ट शतक केलं, तेव्हा दुसऱ्या टोकाला सीके होते आणि त्यांनी 67 केल्या. पण 1936 च्या इंग्लंड दौऱ्यात पुन्हा राजकारण जिंकलं. कॅप्टनसी विजयनगरमच्या महाराजकुमारांना, म्हणजे विझींना मिळाली. टीममध्ये गट पडले. लाला अमरनाथ यांना अर्ध्या दौऱ्यातून घरी पाठवलं गेलं. नाश्त्याच्या टेबलावर सीकेंचा अपमान केल्याचं बक्षीस म्हणून एका खेळाडूला टेस्ट कॅप मिळाली, ही गोष्ट आजही सांगितली जाते. या सगळ्यात चाळिशीतले सीके काय करत होते? ओव्हलच्या शेवटच्या टेस्टमध्ये गबी ॲलनचा चेंडू अंगावर घेऊनही उभे राहिले आणि 81 केल्या. तीच त्यांची शेवटची टेस्ट इनिंग. एकूण 7 टेस्ट, 350 रन, 9 विकेट्स. आकडे बघितले तर माणूस साधा वाटतो. म्हणूनच म्हणते, नुसत्या आकड्यांवर जाऊ नका.

टेस्ट संपली, पण इंदूरचं देणं बाकी होतं. सीकेंनी होळकर टीम अक्षरशः घडवली. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी एकाहून एक माणसं. आणि हो, हिरालाल गायकवाड आणि सीकेंचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू, हे दोघंही जन्माने नागपूरचेच! म्हणजे सीके एकटे गेले नव्हते, रस्ताच पडला होता. 1944-45 च्या मुंबईविरुद्धच्या फायनलमध्ये सी. एस. यांनी एका मॅचमध्ये 917 चेंडू टाकले. त्याच मॅचमध्ये इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद 249 केल्या. बाहेरचे खेळाडू घेतले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तरीही होळकर ती फायनल हरले. नावं जमवली म्हणजे कप मिळतोच असं नाही, हेही तितकंच खरं.

1944-45 ते 1954-55 या अकरा सीझनमध्ये होळकर टीमने दहा वेळा फायनल गाठली आणि चारदा करंडक जिंकला. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, तरी टीम पुढची काही वर्षं त्याच नावाने खेळत राहिली. सीकेंची शिस्त फौजेतली. चेंडू लागला तर चोळत बसायचं नाही, असा त्यांचा दंडक होता म्हणतात. आणि तो नियम फक्त दुसऱ्यांसाठी नव्हता. 1951-52 च्या फायनलमध्ये दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात पडले, तेव्हा सीके 56 वर्षांचे होते. त्यांनी दात बाजूला सारले आणि बॅटिंग चालू ठेवली. आपल्याला साधा ताप आला तर आपण प्रॅक्टिकल बुडवतो! त्याआधी पन्नाशीत त्यांनी 200 रन केल्या होत्या, आणि साठी ओलांडल्यावर ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. 1956 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूरमध्येच त्यांचं निधन झालं.

मग सीके कोणाचे? नागपूरचे की इंदूरचे? मला वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. ज्या वयात नागपूर त्यांना काही देऊ शकत नव्हतं, त्या वयात ते गेले. जिथे गेले तिथे त्यांनी पगारापुरतं काम केलं नाही, तीन दशकं घाम गाळून अख्खी टीम उभी केली. खेळाडू कुठून आला, कुठे गेला, यापेक्षा जिथे आहे तिथे तो किती मनापासून खेळतो, हे बघावं. आणि खेळाडू गेला म्हणून रागवायचंच असेल, तर त्याच्यावर नाही, त्याला इथे काय मिळत नव्हतं त्यावर रागवावं.

हे मी नुसतं क्रिकेटबद्दल लिहीत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्यातले किती जण डिग्री हातात पडताच पुणे, हैदराबाद, बंगळुरूची गाडी पकडणार आहेत? राईस मिलच्या या गावात कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना नोकऱ्या किती, हे प्लेसमेंट सेलच्या बोर्डवर दिसतंच. जाणाऱ्याला गद्दार म्हणून काय मिळणार? त्यापेक्षा इथे काय उभं करता येईल, यावर वाद घालू या.

कारण उभं करता येतं, याचा पुरावा आहे. विदर्भाची टीम 1957-58 पासून रणजी खेळत होती आणि साठ वर्षं तिला कुणी मोजत नव्हतं. मग मैदानं झाली, अकादमी झाली, चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले, मुंबईचा वसीम जाफर आला. घरच्या पोरांना खेळायला जागा मिळाली आणि शिकवायला मोठी माणसं. 2017-18 च्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली रजनीश गुरबानीने, जो शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर आहे! कॅप्टन नागपूरचा फैज फजल, विजयी रन बाहेरून आलेल्या जाफरच्या. पुढे गुरबानी महाराष्ट्राकडे गेला, आणि पंडितांनी 2022 मध्ये मध्य प्रदेशला त्यांचा पहिला रणजी करंडक मिळवून दिला. देणंघेणं चालूच आहे.

आणि विदर्भाने तो पहिला करंडक 1 जानेवारी 2018 ला ज्या मैदानावर उचलला, ते मैदान होतं इंदूरचं होळकर स्टेडियम. ज्या गावाने 1923 मध्ये नागपूरचा माणूस नेला, त्याच गावातून नागपूर करंडक घेऊन आलं.