पोरं शाळेत येईनात, म्हणून ताराबाईंनी शाळाच पोरांच्या अंगणात नेली

अंगणवाडी हा शब्द आपल्या इतका सवयीचा झालाय की तो आला कुठून, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. त्याच्या मागे ताराबाई मोडक आहेत.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. घर सुधारकी, त्यामुळं १९१४ साली ताराबाई पदवीधर झाल्या. पुढं लग्न झालं, पण टिकलं नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या महिला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या.

पद मानाचं होतं. पण भावनगरमध्ये गिजुभाई बधेका बालशिक्षणाचे प्रयोग करत होते. ताराबाईंनी नोकरी सोडली आणि १९२३ साली त्यांच्यासोबत कामाला लागल्या.

पाया होता मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीचा. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मूल हातानं करत करत शिकणार. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. हे शिक्षण शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलांनाच मिळत होतं. खेड्यातल्या गरिबाच्या पोरांचं काय?

मग १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या.

पहिली अडचण साधनांची. मॉन्टेसरीची साधनं महाग, गावाला कुठून परवडणार? मग शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या हेच साहित्य झालं. त्यातूनच मोजायचं, रंग ओळखायचे, लहानमोठं लावायचं.

दुसरी अडचण मोठी होती. वस्तीतली पोरं बालवाडीत यायचीच नाहीत. दोघींनी पालकांना दोष दिला नाही, शाळाच वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांना स्वच्छ करायचं आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आया कामं करता करता हे सगळं बघायच्या. शाळा म्हणजे काय, हे त्यांनाही तिथंच कळलं. हीच अंगणवाडी.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. तिथली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून कुरणातच शाळा भरवली. तिचं नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून पोरी घरी राहायच्या, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. देशभर तिची केंद्रं निघाली आणि त्यांना नाव मिळालं, अंगणवाडी.