डॉ. ना. सु. हर्डीकर : नेतृत्व वाटून देणारा संघटक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी युवक संघटनांवर काही लिहावे असे ठरले, तेव्हा डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांचे स्मरण झाले. ते नागपूरचे नव्हेत. तथापि त्यांच्या कार्यास अखिल भारतीय वळण लाभले ते आपल्याच शहरातील एका घटनेमुळे, हे नव्या पिढीस फारसे ठाऊक नाही.

डॉ. हर्डीकरांचा जन्म ७ मे १८८९ रोजी धारवाड येथे झाला. कलकत्त्यास वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले व मिशिगन विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथेच लाला लजपतराय यांच्या सहवासात ते स्वराज्याच्या प्रचारकार्यात ओढले गेले. १९२१ साली ते स्वदेशी परतले. वैद्यकी करून सुखाने कालक्रमणा करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र हुबळीत तरुणांना एकत्र आणून सेवा मंडळ उभे केले.

१९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्स भागात राष्ट्रीय ध्वज घेऊन मिरवणुकीने जाण्यास सरकारची मनाई होती. सेठ जमनालालजी बजाज यांना अटक झाली, तेव्हा पुढील सूत्रे वल्लभभाई पटेलांनी हाती घेतली. एक नेता तुरुंगात गेला म्हणून काम अडले नाही. देशभरातून तुकड्या येत होत्या, त्यांत हुबळीचे तरुणही होते. तुरुंगातील हालअपेष्टांपुढे अनेक सत्याग्रहींनी माफीपत्रे लिहून दिली. हुबळीच्या तुकडीने ती दिली नाहीत. माफी प्रत्येकाकडून एकेकट्याने मागितली जाते. सोबत राहून, सोबत राबून तयार झालेला तरुण अशा वेळी एकटा उरत नाही, असे मला वाटते.

या निर्धाराची वार्ता काँग्रेसच्या पुढाऱ्यांपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना झाली. काँग्रेसमधील काही ज्येष्ठांनी तीस विरोध केला. लष्करी शिस्तीचे हे खूळ अहिंसक चळवळीत कशाला, असा त्यांचा आक्षेप होता. खरा लक्षात घेण्याजोगा प्रसंग यापुढचा आहे. कल्पना हर्डीकरांची, माणसे त्यांची, अनुभव त्यांचा. अध्यक्षपद मात्र पंडित जवाहरलाल नेहरूंकडे गेले आणि हर्डीकरांनी संघटनेचे प्रत्यक्ष काम सांभाळले. दोघेही तेव्हा ३४ वर्षांचे होते. आमच्या कापड व्यवसायात पाटी एकाच्या नावाची आणि वही दुसऱ्याच्या हाती, अशा पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या आहेत. आपल्या युवक मंडळांत मात्र अध्यक्षपदाच्या वादात दोन मंडळे होतात आणि पुढे दोन्ही बंद पडतात, हे कटू असले तरी सत्य आहे.

महिला विभागाची धुरा श्रीमती उमाबाई कुंदापूर यांच्याकडे होती. उमाबाई तरुण वयातच विधवा झालेल्या. त्या काळी विधवेस घरातील मंगलकार्यातही पुढे येऊ देत नसत. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला अधिवेशन भरले, तेव्हा उमाबाईंनी दीडशेहून अधिक स्वयंसेविका उभ्या केल्या. हा विभाग नावापुरता नव्हता, त्याची खरी सूत्रे त्यांच्याच हाती होती. आज किती संस्थांत महिला शाखेस स्वतःचा निर्णय स्वतः घेता येतो, याचा विचार वाचकांनीच करावा.

नेतृत्व वाटून घेण्यास किंमतही पडते. १९३१ साली काँग्रेस कार्यकारिणीने दल आपल्या अधिपत्याखाली घेतले व त्याचे स्वतंत्र अस्तित्व राहिले नाही. १९३२ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. सेवा दलाची परंपरा तरीही खंडित झाली नाही. १९४१ साली महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली व एस. एम. जोशी दलप्रमुख झाले.

१९२९ साली सहकारी डॉक्टरांसमवेत घटप्रभा येथे उभारलेली आरोग्यसंस्था हे हर्डीकरांचे दुसरे मोठे कार्य. १९५२ ते १९६२ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. १९५८ साली त्यांना पद्मभूषण प्राप्त झाले. २६ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. उमाबाई त्यांच्यानंतर १७ वर्षे हयात होत्या.